दुसऱ्याने खोललेली १९६६ ची एमजीबी घरच्या गॅरेजमध्ये परत जुळवायचीय, सुरुवात कुठून करू?

कॉव्हेंट्रीकर_सांगली

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं इकडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आहे. नुकतीच एक एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची उघडी, बिनछताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली, १९६६ ची, क्रोम बंपर, वायर व्हील. घेतली म्हणजे एक बॉडी शेल, स्टँडवर लावलेलं इंजिन, शेजारी जमिनीवर गिअरबॉक्स आणि उरलेली अख्खी गाडी खोक्यांमध्ये. आधीच्या मालकांनी नव्वदच्या दशकात स्वतः रिस्टोअर करायची म्हणून खोलली होती, पुढे तब्येतीने साथ दिली नाही आणि गाडी शेडमध्येच राहिली. आता ते वारले आणि त्यांच्या मुलीने मला विकली, पण एकाच अटीवर की पार्ट सुटे करून विकायचे नाहीत, गाडी परत रस्त्यावर आणायची. मी हो म्हणालोय आणि ते मला पाळायचंय.

काही खोक्यांवर त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत, ‘पुढचं डावं सस्पेन्शन’, ‘हीटर’ अशा, पण बऱ्याच चिठ्ठ्या ओलीने गळून पडल्यात आणि नट-बोल्ट सगळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत एकत्र. प्लेटवरचा नंबर जीएचएन३ ने सुरू होतो, इंजिन १८जीबी म्हणजे पाच मेन बेअरिंगवालं १७९८ सीसी. डायनामो आहे, पॉझिटिव्ह अर्थ आहे (म्हणजे बॅटरीचं प्लसचं टोक बॉडीला), सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे बसतात. लॉगबुक (इकडचं नोंदणीपुस्तक) माझ्या नावावर झालंय. इंजिन फिरत नाही, क्रँक पुलीच्या नटाला सॉकेट लावून हलकं ओढून बघितलं, हललं नाही, मग जोर लावला नाही.

जागा म्हणजे एक सिंगल गॅरेज. मिग वेल्डर आहे पण पातळ पत्र्यावर हात अजून बसलेला नाही, इंजिन क्रेन भाड्याने मिळते. स्पॅनर सगळे मेट्रिक. मी नोकरीत डिझाइनवाला, ड्रॉइंग वाचता येतं, पण अख्खी गाडी कधी जुळवलेली नाही.

आता प्रश्न असा की सुरुवात कुठून? इंजिन डोळ्यासमोर आहे आणि गॅरेजमध्ये एका कोपऱ्यात बसून होण्यासारखं आहे म्हणून मन तिकडे ओढतं, पण काहीजण म्हणतात बॉडी आधी. नवा हेरिटेज शेल (मूळच्या साच्यांवर बनलेली नवी बॉडी) घ्यावा का? आणि हे मिक्स झालेले नट-बोल्ट ओळखायचे कसे? ज्यांनी असली कामं स्वतःच्या हाताने केलीत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

---

हेराल्डवाला_पुणे

भाऊ, आधी अभिनंदन. माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, आपल्या मद्रासला बनायची ती, आणि तीही मला अशीच दुसऱ्याने खोललेल्या अवस्थेत मिळाली होती, त्यामुळे तुझी परिस्थिती मला नीट कळतेय.

माझं म्हणणं इंजिन आधी की बॉडी आधी याच्याही अलीकडचं आहे. आपण स्वतः गाडी खोलतो तेव्हा खोलता खोलता निम्मी माहिती डोक्यात जाते, कुठला बोल्ट लांब होता, कुठला ब्रॅकेट कशाच्या खाली होता, कुठे वॉशर दोन होते, वायर कुठल्या भोकातून आत गेली. ती माहिती तुझ्याकडे नाही, ती त्या गृहस्थांबरोबर गेली. ती परत मिळवायचा एकच रस्ता आहे आणि तो म्हणजे गाडी एकदा आहे त्या गंजक्या अवस्थेत कोरडी जुळवून बघणं. रंग नाही, प्लेटिंग नाही, नवीन रबर नाही, टॉर्क नाही. दरवाजे, बॉनेट, डिकी, पुढची विंग, पुढचा क्रॉस मेंबर, मागचा एक्सल, विंडस्क्रीनची फ्रेम, डॅशबोर्ड, हीटरचा डबा, सगळं दोन-दोन बोल्टवर लावायचं. मग फोटो काढत तीच गाडी तू स्वतः परत खोलायची. आता ती तू खोललेली गाडी झाली.

लोकांना हे डबल काम वाटतं. पण याच फेरीत काय नाही ते कळतं. खोक्यात बघून ‘सगळं आहे’ वाटतं आणि जुळवायला गेलं की कळतं दोन्ही बिजागऱ्या डाव्या बाजूच्याच आहेत. शिवाय एमजीबीत डॅशच्या मागे सगळं एकमेकांच्या पोटात शिरलेलं असतं, विंडस्क्रीनच्या फ्रेमचे पाय, वायपरच्या रॅकचे व्हील बॉक्स, हीटरचे पाइप, त्याचा क्रम चुकला तर रंगवलेल्या गाडीत उलटं झोपून परत सगळं काढावं लागतं. तो क्रम कोरड्या जुळणीत शोध, रंगावर ओरखडा पडायची भीती नसताना.

नट-बोल्टचं. ती गाडी बहुतेक सगळी यूएनएफ (इंचातल्या मापाच्या बारीक) आट्यांची आहे, मेट्रिक पाने लावू नकोस. अर्ध्या इंचाचं डोकं म्हणजे १२.७ एमएम, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि घट्ट बोल्टवर नेमका कोपरे खातो. एएफ पान्यांचा (डोक्याच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर इंचात) सेट घे, ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन सगळ्यात जास्त लागतील, ते अनुक्रमे १/४, ५/१६ आणि ३/८ च्या बोल्टला. आटे मोजायचं गेज स्वस्त मिळतं. सगळे डबे एका चादरीवर ओत आणि जाडी, आटे, लांबी अशा क्रमाने वेगळे कर. हे काम चहा घेत निवांत संध्याकाळी करायचं. (पुण्यात असतास तर पाने जुन्या बाजारात मिळाले असते, बुधवार-रविवार, माझे तिथलेच आहेत आणि अजून एकाचंही तोंड फाकलेलं नाही.)

फॅक्टरीच्या पार्ट्स कॅटलॉगची प्रत घे, वर्कशॉप मॅन्युअलपेक्षा तुला तो जास्त लागेल कारण त्यात प्रत्येक असेंब्लीचं सुटं-सुटं चित्र असतं आणि तू ड्रॉइंग वाचणारा माणूस आहेस. आणि जुना एकही पार्ट टाकू नकोस, कितीही सडलेला असो, नवा आणून बसेपर्यंत तोच तुझा नमुना. एमजीबीला आज जवळजवळ सगळं नवीन मिळतं पण नवीन मिळतं म्हणजे नीट बसतं असं नाही.

---

एडिसन_एनजे

हेराल्डवाले दादांचं कोरड्या जुळणीचं पटलं, पण मी इंजिन आधी या बाजूचा आहे आणि कारण सांगतो. माझ्याकडेही एमजीबी आहे, १९७१ ची, इकडे अमेरिकेत या गाड्या ढिगाने आल्या, बनलेल्यातल्या बहुतांश इकडेच आल्या. मी इकडे किती तरी अर्धवट प्रोजेक्ट विकायला आलेले बघितलेत आणि जवळजवळ सगळे बॉडीवर्कमध्ये अडकलेले असतात. पत्र्याचं काम संपतच नाही, दिसतही नाही, माणूस कंटाळतो. इंजिन मात्र थोड्या महिन्यांत पूर्ण होतं, स्टँडवर तयार उभं राहतं आणि ते रोज बघून पुढचं करायला जोर येतो. अडकलेलं इंजिन आतून गंजत असतं, ते तसंच ठेवून दोन वर्षं वेल्डिंग करत बसणं मला पटत नाही.

इंजिनाचं काय बघायचं ते लिहितो. फिरवायच्या फंदात पडू नकोस, नाहीतरी खोलायचंच आहे. हेड काढ, संप (खालचं ऑईलचं भांडं) काढ, कुठला सिलिंडर धरलाय ते दिसेल, त्यात पेनिट्रेटिंग ऑईल सोडून चार-आठ दिवस ठेव, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू. मोकळं झालं की प्रत्येक मेन कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर नंबर पंच आहेत का बघ, नसतील तर काढायच्या आधी कर, त्या एकत्र मशीन केलेल्या असतात, आपापल्या जागीच परत जायला हव्यात. टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला वर ढकलणारे) बाजूच्या झाकणांतून निघतात, तेही ज्या भोकातून निघाले तिथेच ठेव आणि त्यांचा तळ उजेडात धरून बघ, चकचकीत गुळगुळीत पाहिजे. बारीक खड्डे दिसले तर टॅपेट आणि कॅमशाफ्ट दोन्ही नवीन, जुन्या कॅमवर नवे टॅपेट किंवा उलटं असं करायचं नाही.

नवीन कॅम टाकलास तर पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर सोडू नकोस, वीसेक मिनिटं दोन हजारच्या वर चालव, तेव्हाच कॅम आणि टॅपेट एकमेकांत बसतात. त्यामुळे सुरू करायच्या आधी टायमिंग, पाणी, पेट्रोल सगळं शंभर टक्के तयार पाहिजे. ऑईल २०डब्ल्यू५०, जुन्या गाड्यांसाठीचं, जस्त जास्त असलेलं.

हेड मशीन शॉपला जाईलच, तेव्हा एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवून घे. १९६६ चं हेड शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेलं आहे, ते पेट्रोल तुमच्याकडे २००० पासून बंद झालं. आणि तुमच्याकडे पंपावर साधं पेट्रोल आता ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) असतं, खोक्यातले जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे सील त्यात टिकणार नाहीत, ते सरळ नवीन घे, इथे कंजूषी नको, गळका पाइप थेट गरम एक्झॉस्टच्या वर असतो.

---

निवृत्त_फिटर_सातारा

मुला, तुझं वाचून फार बरं वाटलं. मी आयुष्यभर अॅम्बॅसडर केल्या. तुला माहीत असेल नसेल, आपल्या अॅम्बॅसडरमध्ये जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन यायचं ते आणि तुझं १७९८ एकाच घरातले, दोन्ही बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज. तुझ्या ब्लॉकचा फोटो कुठल्याही जुन्या टॅक्सीवाल्या मिस्तरीला दाखव, तो ओळखेल. म्हणून हात मोकळा ठेव, घाबरण्यासारखं त्यात काही नाही, ओतीव लोखंडाचं साधं सरळ इंजिन आहे.

टॅपेट सेट करायची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप लावायची, आमची पद्धत सांगतो, एडिसनवाल्यांनाही उपयोगी पडेल. व्हॉल्व्ह आठ, पुढून एक ते आठ मोजायचे. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला दिसेल त्याचा नंबर नवातून वजा करायचा, जो आकडा येईल त्याचा गॅप सेट करायचा. पहिला दाबलेला तर आठवा, तिसरा दाबलेला तर सहावा, असं फिरवत जायचं. तुझ्या इंजिनाला पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग). फीलर गेज ओढताना लोण्यात सुरी फिरल्यासारखं लागलं पाहिजे, अडकायला नको आणि सैलही नको. रॉकरच्या टोकाला खळगा पडलेला असेल तर गेज खोटं बोलतं, गेज खळग्यावरून सरळ जातं आणि खाली गॅप जास्तच राहतो, मग सेट करूनही टकटक येत राहते. तेव्हा आधी रॉकर उलटे करून बघ.

फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर वरून बघितला तर घड्याळाच्या उलटा फिरतो. हे खडूने भिंतीवर लिहून ठेव.

कार्बोरेटर दोन एसयू असतील. त्यातला पिस्टन आणि वरची टोपी ही जोडी असते, एकाची दुसऱ्याला लावायची नाही. दोन्ही एकदम खोलूच नकोस. साफ करून कोरडं बसवलं की बोटाने पिस्टन वर उचलून सोड, खाली येऊन ‘टक’ असा धातूचा आवाज यायला पाहिजे. टक आलं नाही म्हणजे सुई जेटला घासतेय, जेट मधोमध आणावा लागेल. हे जमेपर्यंत बाकी ट्यूनिंगच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

आधी काय हे विचारशील तर गाडी उभी राहते ती पत्र्यावर. मी मेकॅनिक असून सांगतो.

---

कॉव्हेंट्रीकर_सांगली

काका, तुमचे मनापासून आभार, माझ्या वडिलांकडे अॅम्बॅसडरच होती आणि तिच्या बॉनेटखाली जे बघत मोठा झालो त्याच घरातलं इंजिन आता माझ्या गॅरेजमध्ये आहे हे वाचून वेगळंच वाटलं.

हेराल्डवाले दादांचं ऐकून कोरडी जुळणी सुरू केली. दरवाजे लावले, बॉनेट ठेवलं, पुढच्या विंग दोन-तीन बोल्टवर अडकवल्या. मॅग्नेट घेऊन फिरलो. बॉनेटला मॅग्नेट कुठेच चिकटेना तेव्हा घाबरलो की अख्खं लांबीने (पुट्टीने) भरलंय की काय, मग वाचलं की सुरुवातीच्या गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचंच असतं. मागच्या विंगला चाकाच्या वरच्या कमानीत मात्र खरोखर लांबी आहे, बोटभर जाड.

खरी अडचण सिलची, म्हणजे दरवाजाखालून जाणाऱ्या पत्र्याच्या लांब पेटीची. बाहेरून दरवाजाखालचा पत्रा छान दिसतो, पण उजव्या दरवाजाची मागची फट खालच्या बाजूला जवळजवळ बंद आणि वर बोट जाईल एवढी उघडी. खाली वाकून टॉर्चने बघितलं तर बाहेरच्या सिलवर आणखी एक सिल चढवलेलं आहे, मधल्या पाणी निघायच्या जागा बुजवलेल्या, आणि आतल्या बाजूने कार्पेटखाली स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला. शेल सध्या मधोमध दोन लाकडी ओंडक्यांवर आहे. हे मी घरी करू शकतो का? की इथेच नवीन शेलचा विचार करावा?

---

जीटीवाली_स्विंडन

दादा, आधी तो शेल मधल्या ओंडक्यांवरून उतरवा, आजच. रोडस्टरला छत नाही आणि वेगळी चासीही नाही, मोनोकॉक आहे, गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग यांना धरून ठेवणारं मधे मुख्यतः सिलच, आणि ती सडली की शेल मधे मोडतो. दरवाजाची फट खाली बंद आणि वर उघडी म्हणजे तो मोडायला लागलाय. माझी एमजीबी जीटी आहे, तिला छत असल्यामुळे ती थोडं सहन करते, तुमची करणार नाही. पुढच्या क्रॉस मेंबरच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या जागांखाली आधार द्या, म्हणजे गाडी चाकांवर उभी असताना वजन जिथून जातं तिथून, आणि लेव्हल लावून चारही बाजू सारख्या करा. निम्म्या वेळी एवढ्यानेच फट बरीच सुधारते, आधी ते बघा.

एमजीबीचं सिल म्हणजे एक पत्रा नाही. आतला सिल, मधे उभा डायफ्राम, बाहेरचा सिल, आणि खालून कॅसल रेल (आतल्या सिलच्या खालची पट्टी), असे मिळून एक पेटी तयार होते. बाहेरचा सिल पुढे विंगच्या आत जातो आणि मागेही विंगच्या खाली जातो. झटपट काम करणारे फक्त दरवाजाखाली दिसणारा तुकडा वरून चिकटवतात, आत डायफ्राम उरलेलाच नसतो. तुमच्याकडे तेच झालंय. नीट करायचं तर पुढची विंग काढावी लागते, ती बोल्टवर आहे म्हणून सोपी, मागच्या विंगचा खालचा कोपरा कापावा लागतो कारण ती वेल्ड केलेली आहे, तो कोपरा नाहीतरी सडलेलाच असतो आणि रिपेअर पीस मिळतो.

घरी होतं का, तर हो, मी माझ्या गॅरेजमध्ये केलंय आणि सुरुवात केली तेव्हा मलाही पातळ पत्र्याचा सराव नव्हता. भंगारातल्या दरवाजाचा पत्रा आणून त्यावर हात बसवा, एक एमएमच्या आसपासचा पत्रा, ०.६ ची वायर, गॅस लावून, ठिपके-ठिपके. ओळ ओढायला जाऊ नका, भोक पडतं आणि उष्णतेने पत्रा लाटा मारतो.

क्रम असा ठेवा. शेल लेव्हलवर आणून दरवाजे टांगलेले असतानाच फटी मोजून मास्किंग टेपवर लिहा आणि टेप दरवाजावर चिकटवा. मग दरवाजाच्या चौकटीत पुढच्या बिजागरीच्या खांबापासून मागच्या कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप वेल्ड करा, बोल्टवर निघणारा केलात तर आणखी चांगलं कारण मधेमधे दरवाजा लावून बघावा लागतो. एका वेळी एकच बाजू, दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावायचाही नाही. बाहेरचं कापा, आतलं काय उरलंय ते बघा, आतला सिल आणि कॅसल रेल आधी उभे करा, मग डायफ्राम क्लॅम्पवर, दरवाजा लावून बघा, मग टॅक, परत दरवाजा, मग पूर्ण वेल्ड, मग बाहेरचा सिल क्लॅम्पवर आणि परत दरवाजा. कंटाळवाणं आहे पण हाच दरवाजा तुमची मोजपट्टी आहे, तो नीट मिटला तर शेल सरळ. जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आधी वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्ड करता येतं असा), आणि सगळा रंग झाल्यावर पेटीच्या आत कॅव्हिटी वॅक्स भरपूर. पाणी निघायच्या जागा उघड्या ठेवा, त्या बुजवल्यामुळेच ही वेळ आलीय.

नवीन शेलबद्दल. ब्रिटिश मोटर हेरिटेज एमजीबीचे शेल १९८८ पासून बनवतंय, मूळच्या टूलिंगवर, आणि ते चांगले असतात. पण महाग आहेत आणि त्यात तुमच्या त्या गृहस्थांच्या गाडीचं काय उरतं हाही प्रश्न आहे. दोन सिल, फ्लोअर आणि मागच्या कमानी एवढंच असेल तर दुरुस्त करा. बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत), पुढचे आतले चॅनेल आणि मागच्या स्प्रिंगच्या जागा तिन्ही गेल्या असतील तरच नव्याचा विचार. तसं करायचं ठरलं तर शेलची ऑर्डर द्यायच्या आधी डीव्हीएलएला (इकडचं वाहन नोंदणी खातं) लेखी विचारून घ्या, नंबर टिकवायचा असेल तर हे आधीच झालेलं बरं.

आणि एक, तुम्ही कॉव्हेंट्रीत आहात, गेडन तुम्हाला जवळ. तिथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे फॅक्टरीच्या नोंदी आहेत, हेरिटेज सर्टिफिकेट काढलंत तर अॅबिंग्डनच्या कारखान्यातून गाडी कुठल्या रंगात, कुठल्या तारखेला, कुठे गेली ते मिळेल. रंग ठरवायच्या आधी ते मागवा.

---

एडिसन_एनजे

ताईंचं वाचून माझी भूमिका थोडी बदलतो. सिल अशी असेल तर आधी सिल, त्यात वाद नाही. पण तोवर इंजिनमध्ये ऑईल सोडून ठेव आणि हेड-क्रँक मशीन शॉपला देऊन टाक, त्यांच्याकडे रांग असते, ते काम मागे आपोआप चालू राहील.

---

लुकास_नागपूर

वायरिंगबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी ऑटो इलेक्ट्रिकलमध्येच काम करते आणि घरी वडिलांची जुनी ब्रिटिश मोटरसायकल आहे, तिलाही लुकास कंपनीचंच सगळं इलेक्ट्रिकल. लोक लुकासच्या नावाने बोटं मोडतात पण मला ती सिस्टीम फार समजूतदार वाटते, रंग पाठ झाले की निम्मं निदान उभ्या उभ्या होतं. ब्राऊन म्हणजे बॅटरीतून थेट, कायम जिवंत आणि मधे फ्यूज नाही. पांढरी इग्निशन. हिरवी इग्निशनमधूनच पण फ्यूजनंतर. जांभळी कायम जिवंत पण फ्यूजमधून. लाल साइड लाइट, निळी हेडलाइट, काळी अर्थ. तुमच्या गाडीला फ्यूज फक्त दोन आहेत, म्हणून ब्राऊन वायर कुठे घासली तर तिथे वाचवणारं काहीच नाही, तिचा अख्खा रस्ता बोटाने तपासा.

तीस वर्षं ओलीत पडलेला लूम (वायरींचा जुडगा) परत लावू नका. नवीन मूळ रंगांचा, कापडाच्या वेष्टणाचा तयार मिळतो. पण जुना लूम फेकायच्या आधी जमिनीवर सरळ पसरून नवीन त्याच्या शेजारी ठेवा आणि फाटे जुळतात का बघा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा. जुळणीत वायरिंगपेक्षा अर्थिंग जास्त त्रास देतं, नवीन रंगावर बोल्ट कसला की अर्थ मिळतच नाही, तेवढी जागा घासून उघडी करायची आणि वर ग्रीस.

पॉझिटिव्ह अर्थ ठेवायचं की बदलायचं हे आत्ताच ठरवा. ठेवलंत तर कॉइलचं प्लसचं टोक डिस्ट्रिब्युटरकडे जातं हे लक्षात ठेवा, हल्लीची सवय उलटी असते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा फोनचा चार्जर लावणार असाल तर पॉझिटिव्ह अर्थला चालणाराच घ्यावा लागेल, नाहीतर पहिल्याच क्षणी जळेल. निगेटिव्हला बदललंत तर डायनामो परत पोलराइझ करावा लागतो, एफ टर्मिनलची वायर काढून त्याला बॅटरीचा जिवंत टोकाचा क्षणभर स्पर्श द्यायचा. मी असते तर मूळच ठेवलं असतं, चालतंय छान.

पहिल्यांदा बॅटरी जोडाल तेव्हा मधे सिरीजमध्ये एक हेडलाइटचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब झगझगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि तुमचा लूम वाचला.

---

कॉव्हेंट्रीकर_सांगली

सगळ्यांचे खूप खूप आभार, हे सगळं प्रिंट करून गॅरेजच्या दारावर लावतोय.

शेल ओंडक्यांवरून काढून सस्पेन्शनच्या जागांवर घेतला, चारही बाजूंना लेव्हल लावली. उजवी फट खालून किंचित उघडली, पूर्ण नाही, पण दरवाजा आता न घासता मिटतो. बल्कहेड आणि मागच्या स्प्रिंगच्या जागा हातोडीने वाजवून बघितल्या, टणक आहेत. म्हणजे नवीन शेल नाही, हाच दुरुस्त करणार. चौकोनी पाइप आणलाय, उजव्या बाजूपासून सुरू. हेड मशीन शॉपला दिलं, दोन आणि तीन नंबरचा सिलिंडर गंजाने धरलाय, त्यात ऑईल सोडून ठेवलंय. गेडनला सर्टिफिकेटसाठी अर्ज पाठवला. आणि काका, रॉकरला खळगे आहेतच, तुम्ही सांगितलं म्हणून उलटे करून बघितले, बोटाच्या नखाला लागतात.

एक नवीन प्रश्न. कोरड्या जुळणीत वायर व्हीलचे हब लावायला घेतले तर दोनांचे आटे सरळ आणि दोनांचे उलटे. चिठ्ठ्या नाहीत. कुठला कुठल्या बाजूला? चुकून उलटसुलट लावले तर काय होतं?

---

एडिसन_एनजे

हे विचारलंस ते फार बरं केलंस. सरळ आट्याचे म्हणजे उजव्या हाताचे दोन हब गाडीच्या डाव्या बाजूला, आणि उलट्या आट्याचे दोन उजव्या बाजूला. ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघताना जी डावी ती डावी. पडताळा असा की गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला नट फिरवला तर तो सुटला पाहिजे, आणि उलट्या दिशेला कसला गेला पाहिजे. ऐकायला विचित्र वाटतं पण चालत्या चाकाचा हब नटाला आतून कसत राहतो तो असाच. बाजू अदलाबदल झाली तर चालत्या गाडीत नट आपोआप सैल होत जातो आणि चाक निघून जातं.

हब लावायच्या आधी बाहेरच्या स्प्लाइनचे दात बघ. दात वर सपाट माथ्याचे पाहिजेत, टोकदार झाले असतील तर हब गेला, आणि त्यावर नवीन चाक बसवलंस तर तेही खाईल. दातांना आणि मागच्या कोनाला ग्रीस लाव. नट कसायला तांब्याचा नाहीतर कच्च्या चामड्याचा हातोडा, लोखंडी नको. पहिल्या फेरीनंतर थोड्या मैलांवर थांबून चारही परत ठोकून बघायचे.

---

निवृत्त_फिटर_सातारा

दोन आणि तीन नंबर मोकळे झाले की रिंगा काढायच्या आधी बोअरच्या वरच्या काठाला नखाने बघ, कडा किती लागते ते सांग. फोटो टाकलास तर अजून बरं, मग बोअर करायचं (सिलिंडर मोठ्या मापाला कापायचा) की नुसतं होनिंग (हलकं घासणं) पुरेल ते ठरवू.